नदीचें मूळ शोधणारे पाणबुडे

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपले वाडवडील सांगत आले. महानदीच्या उगमाशीं जाऊन पाहावें तर तेथें बहुधा एखादें डबकें, किंवा दगडाच्या फटींतून झिरपणारी करंगळीएवढी धार दिसते आणि पाहणाऱ्याची भक्ति उणावते. म्हणून मोठ्यांचें मोठेपण पाहावें, मूळ उकरीत बसूं नये, हा या म्हणीचा व्यावहारिक उपदेश. ऋषीच्या कुळाविषयीं तो पाळावा कीं नाहीं, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवूं. नदीच्या मुळाविषयीं मात्र तो मुळींच न पाळणारे कांहीं लोक आज जगांत आहेत. ते हवेच्या नळकांड्या बरोबर घेऊन, हातांत दोरी धरून, भूगर्भांतील पाण्यानें भरलेल्या काळ्याकुट्ट भुयारांत शिरतात. आणि या विवराचें पाणी त्या विवराच्या पाण्यास मिळालेलें आहे काय, एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठीं वर्षानुवर्षें खपतात. हा खटाटोप कसा चालतो, कशासाठीं चालतो, आणि घरांत बसून तांब्याभर पाणी पिणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्यांचा त्याशीं काय संबंध, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम हीं भुयारें होतात कशीं तें पाहूं. आपल्या सह्याद्रीचा पाषाण काळा, अग्निजन्य आणि पाण्यास सहजासहजीं दाद न देणारा. चुनखडीचा दगड निराळ्या जातीचा. पावसाचें पाणी हवेंतून आणि मातींतून उतरतांना कार्बन डायॉक्साइड वायु शोषून घेतें व किंचित् आम्ल बनतें. असें पाणी हजारों-लाखों वर्षें चुनखडीच्या चिरांतून वाहत राहिलें म्हणजे दगड हळूहळू विरघळतो. चीर रुंदावून तिची नळी होते आणि नळीचें भुयार होतें. पुढें कोठें कोठें भुयाराचें छप्पर खचतें आणि जमिनीवर विहिरीसारखें तोंड उघडें पडतें.

मेक्सिकोच्या पूर्वेकडील युकातान द्वीपकल्पाचा उत्तर भाग सगळा अशा चुनखडीचा आहे. तेथें पाऊस पडतो, पण जमिनीवरून नदी वाहत नाहीं. सारें पाणी खालीं मुरतें आणि पोटांतल्या पोटांत समुद्राकडे जातें. जमिनीवर उघडलेल्या तोंडांना तेथें 'सेनोते' म्हणतात. हा शब्द माया लोकांच्या भाषेंतून आलेला आहे. त्या लोकांचीं प्राचीन नगरें या पाणवठ्यांच्या आश्रयानें वसलीं. चिचेन इत्सा या त्यांच्या विख्यात नगराच्या नांवाचा अर्थच मुळीं 'इत्सा लोकांच्या विहिरीच्या मुखाशीं' असा आहे.

या भुयारांत उतरणाऱ्यास एक नवल दिसतें. पाण्यांत पार बुडालेल्या छतांपासून चुन्याचे शुभ्र स्तंभ खालीं लोंबत असतात. असे स्तंभ थेंब थेंब पाणी हवेंत ठिबकूनच तयार होतात. बुडालेल्या छतास ठिबक कोठून? अर्थात् हीं दालनें एके काळीं कोरडीं होतीं. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरांत, पृथ्वीवरील पुष्कळसें पाणी बर्फ होऊन जमिनीवर सांचलें होतें आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होती. पुढें बर्फ वितळलें, समुद्र चढला, त्याबरोबर जमिनींतील पाणीही चढलें आणि गुहा भरून गेल्या.

आतां मुख्य प्रश्न. दोन विवरें आंतून एकमेकांस मिळालेलीं आहेत, हें ओळखावयाचें कसें? आपल्या न्यायशास्त्रानें ज्ञानाचीं जीं प्रमाणें सांगितलीं आहेत, त्यांतील दोन येथें उपयोगीं पडतात : अनुमान आणि प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें आपण ठरवितों, तें अनुमान. डोंगर चढून अग्नि डोळ्यांनीं पाहिला, तें प्रत्यक्ष.

अनुमानाचें उत्तम उदाहरण जर्मनींत घडलें. तेथें इमेंडिंगन गांवाजवळ डॅन्यूब नदीचें पाणी पात्रांतील चिरांतून खालीं उतरतें, आणि वर्षांतले कित्येक दिवस पात्र अगदीं कोरडें पडतें. तेथून सुमारें १२ किलोमीटरांवर आख या गांवीं एक मोठा झरा उसळतो. लुप्त झालेलें पाणी तेथेंच निघत असावें, असा लोकांचा तर्क होता. इ. स. १८७७ च्या ऑक्टोबरांत आडोल्फ क्नोप या भूगर्भशास्त्रज्ञानें नदीच्या त्या चिरांत १० किलोग्रॅम फ्लुओरेसीन नांवाचा रंग आणि २० टन मीठ सोडविलें. सुमारें ६० तासांनीं आखच्या झऱ्यांतून हिरवें चमकणारें खारट पाणी बाहेर पडूं लागलें. डॅन्यूब काळ्या समुद्राकडे वाहते. आखचें पाणी ऱ्हाइन नदीच्या वाटेनें उत्तर समुद्रास जातें. एकाच नदीचें पाणी भूगर्भांतून फुटून दोन समुद्रांस वांटलें जात होतें! नदीकांठच्या गिरणीवाल्यांपासून सुरू झालेला हा पाण्याचा तंटा पुढें राज्याराज्यांत पोंचला आणि १९२७ सालीं वुर्टेंबर्ग व बाडेन यांच्या वादांत न्यायालयास त्यावर निर्णय द्यावा लागला.

परंतु रंगानें सांगितलें तें इतकेंच कीं, येथलें पाणी तेथें जातें. मध्यंतरीं तें कोणत्या वाटेनें गेलें, ती वाट नळीएवढी कीं आगगाडीच्या बोगद्याएवढी, तिला आणखी कोणत्या वाटा येऊन मिळतात, यांपैकीं कांहींच रंगानें सांगितलें नाहीं. त्यासाठीं प्रत्यक्षच पाहिजे. आखच्या झऱ्यांत पाणबुडे पुष्कळ वेळां उतरले. पण डॅन्यूबपर्यंतची सबंध वाट त्यांपैकीं कोणासही आक्रमितां आलेली नाहीं.

हें प्रत्यक्ष किती कठीण आहे याची कल्पना येण्यास पाणबुड्याची स्थिति ध्यानांत घ्यावी. समुद्रांत बुडी मारणारास संकट आलें तर डोक्यावर निदान मोकळें पाणी असतें. गुहेंतील पाणबुड्याच्या डोक्यावर पाषाण असतो. तो आंत जितका गेला तितकाच मागें आल्याखेरीज त्याला श्वासापुरतीही हवा नाहीं. तळाशीं पिठासारखा मऊ गाळ बसलेला असतो. पायाचा एक फटकारा चुकला कीं तो गाळ उठतो, आणि हातांतील प्रखर दिवाही दिसेनासा होतो. म्हणून प्रवेशद्वारापासून एक अखंड दोरी सोडीत जावें लागतें. पतंगाच्या फिरकीसारख्या फिरकीवरून ती सुटत जाते; मधून मधून ती खडकास बांधावयाची; आणि तिच्यावर बाणाच्या आकाराच्या खुणा अशा लावावयाच्या कीं नुसत्या बोटांनीं चांचपून बाहेरची दिशा कळावी.

या शास्त्राचे नियम ज्यानें व्यवस्थित मांडले तो शेक एक्स्ली पेशानें शाळामास्तर होता. फ्लॉरिडांत तो गणित शिकवी. पूर्वीं घडलेल्या अपघातांची एकेक हकीकत तपासून, माणसें नेमकीं कशानें दगावलीं याचा त्यानें हिशेब केला आणि १९७९ सालीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्याचें सार असें : बाहेरपर्यंतची दोरी कधींही तोडूं नये, बरोबरच्या हवेचा एक तृतीयांशच जातांना खर्चावा, एक तृतीयांश येण्यास आणि एक तृतीयांश संकटासाठीं राखावा, आणि आपल्या शक्तीबाहेर खोल जाऊं नये. या त्रैराशिकानें किती जणांचे प्राण वांचले असतील, याची गणती नाहीं. पण हें ज्ञान किती महाग आहे हेंही सांगितलें पाहिजे. ६ एप्रिल १९९४ रोजीं मेक्सिकोंतील साकातोन या अथांग विवरांत अतिशय खोल उतरण्याच्या प्रयत्नांत एक्स्ली स्वतः मरण पावला.

पाणबुडा नुसता पोहत जात नाहीं. तो मोजणी करतो. दोरीवर ठराविक अंतरावर गांठी असतात. गांठी मोजून लांबी, होकायंत्रावरून दिशा, आणि खोलीमापकावरून खोली, अशा तीन गोष्टी तो पाण्यांतच पाटीवर टिपून घेतो. बाहेर आल्यावर त्यांवरून नकाशा काढतात. असें वर्षानुवर्षें चाललें म्हणजे एक दिवस दिसून येतें कीं, या सेनोतेंतून निघालेलें भुयार आणि त्या सेनोतेंतून निघालेलें भुयार यांचीं टोकें कागदावर एकमेकांच्या अगदीं जवळ आलीं आहेत. येथवर अनुमान. मग त्या दोन टोकांमधील प्रत्येक फट, प्रत्येक कोपरा धुंडाळीत जावयाचें. बहुतेक वाटा बंद निघतात. कांहीं इतक्या अरुंद कीं नळकांडीं पुढें ढकलून मागून आपण सरपटावें. अखेर एखाद्या दिवशीं दिव्याच्या उजेडांत पुढें दुसऱ्या बाजूनें आलेली जुनी दोरी दिसते. तिला आपली दोरी नेऊन बांधली म्हणजे संबंध सिद्ध झाला. त्या एका गांठीसाठीं सारा प्रपंच!

युकातानमध्यें 'साक आक्तुन' म्हणजे 'पांढरी गुहा' या नांवाची एक जलगुहा आहे. नोहोच नाह चिच ही तिच्या शेजारची गुहा एके काळीं जगांतील सर्वांत लांब ज्ञात जलगुहा म्हणून गाजलेली होती. २००७ च्या आरंभीं त्या दोन गुहा एकच असल्याचें पाणबुड्यांनीं दाखविलें. तेथेंच दुसरी एक मोठी गुहा, तिचें स्पॅनिश नांव 'दोस ओहोस', म्हणजे 'दोन डोळे'. गिलेर्मो दे आंदा या पुराणवस्तुसंशोधकाच्या नेतृत्वाखालीं, रॉबर्ट श्मिटनर या पाणबुड्यानें व त्याच्या सोबत्यांनीं तिचाही पिच्छा पुरविला, आणि जानेवारी २०१८ मध्यें ती साक आक्तुनास मिळाल्याचें जाहीर झालें. साक आक्तुनाची मोजलेली लांबी तेव्हां सुमारें २६३ किलोमीटर, आणि 'दोन डोळ्यां'ची चौऱ्यायशीच्या आसपास. दोहोंची बेरीज सुमारें ३४७ किलोमीटर सांगण्यांत आली. गुहाशोधकांचा एक रिवाज असा आहे कीं, दोन गुहा मिळाल्या म्हणजे लहान गुहेचें नांव मोठीच्या नांवांत विलीन व्हावयाचें. पुण्यास संगमानंतरही मुळा-मुठा म्हणून दोघींचीं नांवें राखण्याचा जो सोशिकपणा आपण दाखविला, तो त्यांच्यापाशीं नाहीं.

याच गुहाजालांत 'ओयो नेग्रो' म्हणजे 'काळा खड्डा' या नांवाचें एक खोल दालन आहे. २००७ सालीं पाणबुड्यांस त्याच्या तळाशीं लुप्त झालेल्या मोठमोठ्या प्राण्यांच्या हाडांबरोबर एका मुलीचा सांगाडा आढळला. ती पंधरासोळा वर्षांची असावी, आणि तिला बारा-तेरा हजार वर्षें होऊन गेलीं, असें पुढें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें ठरलें. गुहा कोरड्या होत्या त्या काळीं ती आंत शिरली आणि अंधारांत त्या खड्ड्यांत कोसळली, असें संशोधक मानतात. अमेरिका खंडांत सांपडलेल्या अतिप्राचीन मानवी अवशेषांत तिची गणना होते. संशोधकांनीं तिला 'नाइआ' हें ग्रीक पुराणांतील जलदेवतांवरून घेतलेलें नांव दिलें. आंत शिरलेली ती पोर कोणत्या वाटेनें आली असेल, हा प्रश्नही शेवटीं गुहेच्या जोडवाटांचाच प्रश्न आहे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, हें सर्व अद्भुत खरें; पण लांबीचे विक्रम आणि जुनीं हाडें यांसाठीं माणसानें जीव धोक्यांत घालावा काय? या शंकेचें समाधान अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत सांपडतें.

तेथें टॅलहासी या राजधानीच्या दक्षिणेस वकुल्ला नांवाचा प्रचंड झरा आहे. दररोज कोट्यवधि गॅलन पाणी त्यांतून उसळतें आणि त्याची तेथूनच नदी होऊन वाहते. नदीचें मूळ डोळ्यांपुढें तें असें. १९५५ ते १९५७ या काळांत तेथील विद्यापीठाचे कांहीं तरुण विद्यार्थी त्याच्या मुखांतून आंत शिरले, आणि त्यांना मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या लुप्त प्राण्याचीं हाडें मिळालीं. परंतु हें भुयार अतिशय खोल आहे. आंतील बोगदे सुमारें ९० मीटर खोलीवरून जातात. तेवढ्या खोलीवर दाब वरच्यापेक्षां दसपट असतो, आणि साध्या हवेंतील नायट्रोजन मनुष्यास दारूसारखा चढतो. म्हणून हेलियम मिसळलेली हवा घ्यावी लागते. शिवाय दाबाखालीं रक्तांत मुरलेला वायु, एकदम वर आल्यास, सोड्याच्या बाटलीचें बूच काढल्यासारखा शरीरांत फसफसतो. त्यामुळें वर येतांना पायरीपायरीवर तासन् तास थांबत यावें लागतें.

टॅलहासीच्या दक्षिणेस लिऑन सिंक्स म्हणून दुसरें एक विवरांचें जाळें आहे. त्याचें पाणी वकुल्लाकडे येतें असा अंदाज पुष्कळ दिवसांचा. स्वयंसेवक पाणबुड्यांच्या एका मंडळानें अनेक वर्षें खपून २८ जुलै २००७ रोजीं हीं दोन जाळीं मिळविलीं. त्याच वर्षीं १५ डिसेंबर रोजीं जॅरॉड जाब्लॉन्स्की आणि केसी मॅकिन्ले हे दोघे एका विवरांत शिरले आणि सुमारें ११ किलोमीटर भूगर्भांतून येऊन वकुल्लाच्या मुखांतून बाहेर पडले. प्रवासास लागला त्याहून कितीतरी अधिक वेळ त्यांना नुसतें थांबत थांबत वर येण्यास लागला.

आतां या शोधाचें मोल पाहा. टॅलहासी शहराचें सांडपाणी शुद्ध करून शहराच्या आग्नेयेकडील शेतांवर फवारीत असत. पिकें तें पाणी शोषतील, उरलेलें माती गाळील, आणि प्रश्न मिटेल, अशी व्यवस्था होती. इकडे कित्येक मैलांवर वकुल्लाच्या नितळ पाण्यांत नायट्रेटचें प्रमाण वाढलें, आणि १९९७ पासून हायड्रिला नांवाच्या परदेशी पाणवनस्पतीनें तेथें थैमान घातलें. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे असें म्हणणाऱ्यांस पुरावा विचारला जाई. तेव्हां शास्त्रज्ञांनीं त्या शेतांजवळच्या विहिरींत रंग सोडला, आणि कांहीं आठवड्यांनीं तो वकुल्लांत उतरला. आखची कहाणी सव्वाशें वर्षांनीं पुन्हां घडली. भेद इतकाच कीं, या वेळीं रंगाच्या अनुमानास पाणबुड्यांच्या नकाशांची जोड होती. दगडांच्या फटींतून झिरपत, गाळला जात येणारें हें पाणी नव्हे. मोठमोठ्या बोगद्यांतून येणारी ही वाहती नदी आहे, हें त्या नकाशांनीं दाखविलें. पुढें शहरानें मोठा खर्च करून सांडपाण्यांतील नायट्रोजन काढून टाकण्याची व्यवस्था केली आणि झऱ्यांत येणारें नायट्रेट कमी झालें. तरी सारें ठीक झालें असें नाहीं. घरोघरच्या शौचकूपांचा प्रश्न उरलाच. आणि ज्या झऱ्यांत कांचेच्या तळाच्या नौकेंतून शेंकडों लोक खोलवरचा तळ पाहत, तेथें पाणी काळसर झाल्यामुळें त्या नौका पुढें क्वचितच सुटूं लागल्या.

युकातानचीही तीच चिंता. तेथें किनाऱ्यावर मोठमोठीं यात्रीगृहें आणि नव्या वसाहती उठल्या आहेत. त्यांचें सांडपाणी ज्या चुनखडींत मुरतें, तिच्याच पोटांत पिण्याचें पाणी आहे, आणि तेंच पाणी पुढें समुद्रांतील प्रवाळांवर जाऊन पडतें. मेक्सिको सरकारनें अलीकडे द्वीपकल्पाभोंवतीं 'माया रेल्वे' बांधली. तिचा कानकुन आणि तुलुम यांमधील कांहीं भाग हजारों खांबांवर उचललेला आहे. त्यांतील कित्येक खांब गुहांचीं छप्परें फोडून पाण्यांत आरपार उतरल्याचीं छायाचित्रें पाणबुड्यांनीं व गुहाशोधकांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलीं. गुहा नकाशावर असल्यामुळेंच हा खांब कोणत्या पाण्यांत उतरला, हें सांगतां आलें. जी गुहा कोणी मोजलीच नाहीं, तिच्या वतीनें बोलणार कोण?

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं विहिरीच्या कांठाशीं कपडे धुऊं नयेत, उष्टें पाणी ओतूं नये, असे जे निर्बंध घातले, ते एका विहिरीपुरते होते. कारण विहिरीचें पाणी विहिरींतच राहतें असा समज होता. या पाणबुड्यांनीं समजाचा तो कांठ पुष्कळच रुंद केला. ज्या विहिरीस आपण परकी समजतों ती खालून आपल्याच विहिरीस मिळालेली असूं शकते. आपण येथें जें ओततों, तें दहा कोसांवरच्या अनोळखी घरांतल्या हंड्यांत निघूं शकतें. आणि त्यांनीं ओतलेलें आपल्या.

यास्तव जुन्या म्हणीचा मान राखून एवढेंच म्हणावेंसें वाटतें कीं, ज्या काळीं नदी उघड्यावरून वाहत होती आणि तिच्या कांठचें प्रत्येक गांव दुसऱ्यास दिसत होतें, त्या काळीं तिचें मूळ न शोधल्यानें फारसें बिघडत नव्हतें. भूगर्भांतील नदीस कांठ दिसत नाहीं, घाट दिसत नाहीं, वरच्या गांवानें काय केलें तें खालच्या गांवास दिसत नाहीं. तिचें मूळ शोधलेंच पाहिजे. तें काम कांहीं थोडीं माणसें अंधारांत, तिसरा हिस्सा हवा संकटासाठीं राखून, एकेक गांठ मोजीत करीत आहेत. त्यांनीं आणलेला नकाशा उलगडून पाहणें आणि त्याप्रमाणें वागणें, हें काम उजेडांत बसलेल्या आपलें आहे.